नऊ विजय आणि न आलेले निमंत्रण

नोव्हेंबर १९५१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरी, रोझ बोल या प्रचंड स्टेडियममध्ये, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने लॉस एंजेलिसच्या लोयोला विद्यापीठाला २०–२ असे धुऊन काढले. लोयोलाचे ते दोन गुणही चढाईने कमावलेले नव्हते. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या स्वतःच्याच गोलरेषेमागे अडकला की पदरात पडणारे ते गुण. हंगामातला हा नववा सामना होता आणि नववा विजय. पराभव नाही, बरोबरीही नाही. पाच-सहा आठवड्यांनी, १ जानेवारीला, याच मैदानावर आणि दक्षिणेतल्या आणखी काही शहरांत मोसमातले मानाचे सामने व्हायचे होते. त्यांतल्या एकाचेही निमंत्रण या संघाला आले नाही. आणि नवे वर्ष उजाडते न उजाडते तोच विद्यापीठाने आपला फुटबॉल संघच गुंडाळला.

अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासात हा संघ अपराजित आणि अनिमंत्रित म्हणून ओळखला जातो. त्याची गोष्ट बहुतेक वेळा त्यागाची म्हणून सांगितली जाते: दोन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना घरी ठेवून या, असे सुचवले गेले आणि संघाने ते धुडकावले. ते खरेच आहे. पण या प्रकरणातली जास्त बोलकी बाजू दुसरी आहे. ज्या नियमाने या संघाला दाराबाहेर ठेवले, तो नियम कुठल्याही कागदावर नव्हता. कोणी सही केली नव्हती, कोणी ठराव मांडला नव्हता. म्हणूनच तो मोडणे अवघड होते आणि नाकारणे अगदी सोपे.

जानेवारीचा बाजार

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबोळका चेंडू हातात धरून किंवा फेकून, शंभर यार्डांच्या मैदानात पुढे सरकत राहायचे आणि प्रतिस्पर्ध्याची रेषा ओलांडायची, असा हा अंगाला अंग भिडवणारा खेळ. रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. १९५१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलची लीग होती, पण गर्दी, वर्तमानपत्रांतले रकाने आणि गावोगावचा अभिमान महाविद्यालयीन संघांच्या वाट्याला येई.

हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे संपे. मग निवडक संघांना ‘बोल’ सामन्यांची बोलावणी जात. पॅसाडेनाचा रोझ बोल सर्वांत जुना, १९०२ पासूनचा. मायामीचा ऑरेंज बोल आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल १९३५ मध्ये आले, डॅलसचा कॉटन बोल १९३७ मध्ये, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा गेटर बोल १९४६ मध्ये. हे सामने विद्यापीठे भरवत नसत. शहरातले व्यापारी, हॉटेलवाले आणि पुढारी मिळून समिती करत आणि तीच पाहुणे ठरवी. ऐन थंडीत उत्तरेकडचे पर्यटक उबदार शहरात यावेत, हॉटेले भरावीत, गावाचे नाव व्हावे, हा उघड हेतू. पाहुण्या संघाच्या विद्यापीठाला तिकीटविक्रीतून घसघशीत रक्कम मिळे.

रोझ बोलची दारे १९४७ पासून करारानेच बंद झाली होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेचा विजेता आणि मध्य-पश्चिमेचा संघ, एवढेच तिथे खेळत. बाकीचे मोठे बोल सगळे दक्षिणेत. आणि दक्षिणेत शाळा, बस, उपाहारगृहे, नळाचे पाणी, सगळेच काळ्या-गोऱ्यांसाठी कायद्याने वेगळे होते. मैदानाबाबत मात्र बहुतेक ठिकाणी कायदा करावा लागला नव्हता, तिथे ‘सभ्य गृहस्थांचा समझोता’ चाले. उत्तरेकडचा संघ दक्षिणेकडच्या संघाशी खेळायला आला की आपला कृष्णवर्णीय खेळाडू तो गुपचूप बाकावर बसवी किंवा घरीच ठेवून येई. मागणाऱ्याने मागायचे नाही, देणाऱ्याने बोलायचे नाही.

याला अपवादही घडत होते. पेन स्टेटचा संघ १९४८ च्या कॉटन बोलमध्ये वॉली ट्रिपलेट आणि डेनी हॉगर्ड या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह उतरला. डॅलसमधले हॉटेल मिळणे अवघड, म्हणून अख्ख्या संघाचा मुक्काम नौदलाच्या विमानतळावर झाला. त्याच वर्षाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट महाविद्यालयाला एल पासोच्या सन बोलचे बोलावणे आले. डेव्हिड शोवेल या त्यांच्या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळता येणार नाही असे कळल्यावर महाविद्यालयाने ते परत पाठवले. भिंतीला तडे जात होते, पण भिंत उभी होती.

टेकडीवरचे विद्यापीठ

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट पाद्र्यांनी १८५५ मध्ये काढलेली संस्था. शहरातल्या गोल्डन गेट पार्कजवळच्या टेकडीवर तिच्या इमारती. फुटबॉलचे घरचे मैदान म्हणजे त्याच उद्यानाच्या कोपऱ्यातले केझर स्टेडियम, सुमारे ५९ हजार आसनांचे. एवढे भरवायला संघाच्या पाठीशी ना मोठी संघटना होती, ना धनवान माजी विद्यार्थ्यांचा ताफा. शिवाय तेच मैदान व्यावसायिक फोर्टीनाइनर्स संघही वापरत असे. पैसे खर्चून सामना पाहणाऱ्याला रविवारचा पर्याय होता.

संघाचे टोपणनाव डॉन्स. प्रशिक्षक जो कुहारिच, नोत्र दामचा जुना खेळाडू, शिस्तीचा कडक. हंगामाआधी त्याने पोरांना उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग या गावी नेले आणि भर उन्हाळ्यात पिळून काढले. संघ लहान, बरेच जण चढाईलाही खेळत आणि बचावालाही. बदली खेळाडूंची मुभा नियमात होती, पण तेवढी माणसे हाताशी नव्हती.

जी होती ती मात्र अफाट होती. जिनो मार्चेटी दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आलेला, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. बॉब सेंट क्लेअरची उंची ६ फूट ९ इंच. तो कच्चे मांस खातो हे सर्वांना ठाऊक होते आणि ते तो लपवतही नसे. चढाईची सूत्रे हलवणारा क्वार्टरबॅक एड ब्राउन. आणि ऑली मॅटसन व बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय.

मॅटसन टेक्ससमध्ये जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला. अंगाने भक्कम, आणि वेग मात्र शर्यतीच्या धावपटूचा. तो खरोखरच ४०० मीटरचा धावपटू होता. टोलर मेम्फिसचा. शांत, मोजके बोलणारा, बचावफळीचा कणा. दोघेही आधी शहराच्या सिटी कॉलेजकडून खेळले. तिथल्या १९४८ च्या संघानेही एकही सामना गमावला नव्हता. तिथून ते दोघे टेकडीवर आले.

या संघाची बातमी वर्तमानपत्रांपर्यंत पोचवायचे काम विशीतल्या एका तरुणाकडे होते. पीट रोझेल त्याचे नाव. तो याच विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. पुढे १९६० ते १९८९ अशी जवळपास तीस वर्षे तो अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा आयुक्त राहिला. १९५१ मध्ये मात्र त्याची धडपड एवढीच होती, की देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या क्रीडा-पत्रकारांनी मॅटसन हे नाव एकदा तरी छापावे.

नऊ सामने

हंगामाची सुरुवात सॅन होजे स्टेटला लोळवून झाली. मग आयडाहो, मग कॅम्प पेंडलटनच्या मरीन सैनिकांचा संघ. सॅन होजेशी पुन्हा एकदा गाठ पडली आणि पुन्हा तोच निकाल लागला. तोवर पश्चिम किनाऱ्याबाहेर कोणाचे लक्ष नव्हते. ऑक्टोबरात संघ न्यू यॉर्कला गेला. समोर फोर्डहॅम, तेही जेझुइटांचे विद्यापीठ, तिसाव्या दशकात देशभर गाजलेले, जिथून पुढचा थोर प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी निघाला. मैदान रँडल्स आयलंडवरचे.

हंगामातला सर्वांत अटीतटीचा सामना हाच. डॉन्स ३२–२६ असे जिंकले आणि त्यात मॅटसनचा वाटा न्यू यॉर्कच्या पत्रकारांना डोळ्यांनी दिसला. दर गुणानंतर गुण घेणारा संघ चेंडू लाथ मारून दूर समोरच्या संघाकडे पाठवतो. तो झेलायचा आणि अकरा जणांच्या धावत्या भिंतीतून वाट काढत जमेल तेवढे पुढे यायचे. वीस-पंचवीस यार्ड आले तरी काम चोख झाले म्हणतात. मॅटसनने त्या दुपारी असा चेंडू दोनदा झेलला आणि दोन्ही वेळा जवळपास अख्खे मैदान पार करून थेट टचडाउन केले. एका खेळाडूच्या हंगामात असे एकदा घडले तरी लोक वर्षानुवर्षे सांगतात. इथे ते एकाच सामन्यात दोनदा झाले.

याच ऑक्टोबर महिन्यात, २० तारखेला, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी दुसरा एक प्रसंग घडला. ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट हा देशातल्या सर्वोत्तम चढाईपटूंपैकी एक. ओक्लाहोमा ए अँड एम या यजमान संघाच्या एका गोऱ्या खेळाडूने, चेंडू ब्राइटपासून दूर गेलेला असताना, त्याच्या चेहऱ्यावर प्रहार केला. पहिल्या काही मिनिटांतच ब्राइट पुन्हा पुन्हा कोसळला. त्याचा जबडा मोडला. द मॉइन रजिस्टर या वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी टिपलेली ती चित्रमालिका देशभर छापली गेली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दोन्ही संघ ज्या संघटनेत होते तिने कारवाई करायचे नाकारले, तेव्हा ड्रेक विद्यापीठ संघटनेतून बाहेर पडले. यजमान विद्यापीठाचे माफीचे पत्र आले ते २००५ मध्ये. तोवर ब्राइट जिवंत नव्हता. डॉन्सचा हंगाम कुठल्या हवेत खेळला जात होता, ते या एका प्रसंगावरून कळते.

कॅलिफोर्नियात परतल्यावर डॉन्सनी सॅन डिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्राला हरवले, मग शेजारच्या सँटा क्लाराला. पुढचा सामना स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी. तो संघही त्या वर्षी जोरात होता, आणि जो जिंकेल त्याला बोलचे बोलावणे नक्की, असे सगळे धरून चालले होते. डॉन्स ४७–१४ असे जिंकले. ही चुरस नव्हतीच. शेवटी पॅसाडेनातला लोयोलावरचा विजय. हंगामअखेर मॅटसनच्या नावावर १,५६६ यार्ड आणि २१ टचडाउन होते. धावून काढलेल्या यार्डांत आणि गुणांत, दोन्हींत तो देशात पहिला. असोसिएटेड प्रेसच्या यादीत संघाचा क्रमांक चौदावा लागला. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात मॅटसन नववा आला. त्याला अखिल अमेरिकन संघात जागा मिळाली ती बचावपटू म्हणून. चढाईतल्या जागा दुसऱ्यांना गेल्या.

निमंत्रण आणि अट

ऑरेंज बोलने जॉर्जिया टेक आणि बेलरला बोलावले. शुगर बोलने मेरिलँड आणि टेनेसीला. गेटर बोलने मायामी आणि क्लेमसनला. स्टॉकटनमध्ये ३३ गुणांनी हरलेल्या पॅसिफिकला सन बोलचे निमंत्रण गेले. डॉन्सच्या दारात कोणी आले नाही.

कारण मात्र त्यांच्या कानावर आले होते. दक्षिणेतल्या बोलच्या समित्यांना कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ नको आहे, हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या पत्रकारांत आणि रेडिओवर उघड बोलले जात होते. मॅटसन आणि टोलरला मागे ठेवायला तयार असाल तर ऑरेंज बोलचा विचार होऊ शकतो, अशी अट संघापर्यंत पोचली. खेळाडूंनी ती पुढे ज्या प्रकारे सांगितली त्यात जागा आणि शब्द थोडे इकडेतिकडे होतात. पण उत्तराबाबत सगळ्यांची साक्ष एकच आहे. मार्चेटी, सेंट क्लेअर आणि इतरांनी म्हटले, जायचे तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. मतदान झाले नाही, भाषण झाले नाही. विषय तिथेच मिटला.

या नकाराचे मोल कमी लेखायचे कारण नाही. त्यातल्या बहुतेकांना तोवर बोल सामना कधी मिळाला नव्हता, पुढेही मिळणार नव्हता. पण इतिहास म्हणून वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गोऱ्या खेळाडूंपुढे निवड तरी होती. मॅटसन आणि टोलर यांच्यापुढे तीही नव्हती. आपल्यामुळे सगळ्यांचा सामना गेला, हे ओझे त्या दोघांनी न मागता उचलले. त्यांनी चूक कोणती केली होती, तर रोजच्या सरावात सर्वांत पुढे असण्याची. त्याग करणाऱ्यांबद्दल आपण भरभरून लिहितो. ज्यांच्या वाटणीला नुसता अपमान आला त्यांच्याबद्दल एका ओळीत उरकतो.

समित्यांची बाजू काय होती? त्यांनी सांगितले की डॉन्सचे वेळापत्रक कच्चे होते. या म्हणण्यात तथ्य अजिबातच नव्हते असे नाही. नऊपैकी दोन सामने सैनिकी छावण्यांच्या संघांशी होते आणि एका विद्यापीठाशी दोनदा गाठ पडली होती. आदल्या वर्षी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या बड्या विद्यापीठांनी त्यांना हरवलेही होते. १९५१ मध्ये ते दोघे त्यांच्या वेळापत्रकात नव्हते. मोठ्या संघटनेत नसलेल्या छोट्या विद्यापीठाशी, तेही इतक्या धोकादायक संघाशी, खेळून गमावायचे जास्त आणि मिळवायचे कमी, हे मोठ्यांना कळत होते. म्हणजे तगडे प्रतिस्पर्धी मिळू द्यायचे नाहीत आणि मग तगडे प्रतिस्पर्धी नव्हते म्हणून नाकारायचे.

पण वेळापत्रकाचे कारण पॅसिफिकपाशी येऊन अडते. ज्या संघाला डॉन्सनी लोळवले तो बोलला चालतो आणि लोळवणारा चालत नाही, हे नुसत्या खेळाच्या हिशेबात बसत नाही. पॅसिफिककडेही एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता, हेही सांगायला हवे. सन बोल मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो शहराचा; तीन वर्षांपूर्वी शोवेलला अडवणाऱ्या त्या गावात बंधने आता ढिली झाली होती. मायामी, न्यू ऑर्लिन्स, जॅक्सनव्हिल अजून तिथवर आले नव्हते. नियम लेखी नसल्याचा फायदा हाच. तो प्रत्येक गावात वेगळा असू शकतो आणि प्रत्येक गावाला तो नाकबूल करता येतो.

तो नियम म्हणजे नुसती अफवा नव्हती, याचा पुरावा पुढच्या चार-पाच वर्षांनी दिला. १९५६ च्या शुगर बोलसाठी पिट्सबर्गचा संघ बॉबी ग्रिअर या कृष्णवर्णीय खेळाडूसह निघाला, तेव्हा समोरच्या जॉर्जिया टेकने खेळू नये यासाठी जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी जाहीरपणे दबाव आणला. जॉर्जिया टेकचेच विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गव्हर्नरचा पुतळा जाळला आणि सामना झाला. जॉर्जिया टेक ७–० असे जिंकले. आभाळ कोसळले नाही. पण त्याच वर्षी लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळण्यावर बंदी घालणारा कायदा केला. समझोता पाळला जात होता तोवर कागदाची गरज नव्हती. तो मोडू लागला तेव्हा कागद काढावा लागला. पुढे न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला.

हिशेबाची वही

इकडे सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या हिशेबाच्या वहीत फुटबॉलचा तोटा सुमारे ७० हजार डॉलरवर गेला होता. एका मोठ्या बोलच्या रकमेने तो भरून निघाला असता, निदान खेळ काही वर्षे तगला असता. ती रक्कम आली नाही आणि संघ बंद झाला.

हे एकट्या डॉन्सचे दुखणे नव्हते. युद्धानंतर शिष्यवृत्त्या, प्रवास आणि प्रशिक्षकांचे खर्च वाढले. व्यावसायिक संघ शहरोशहरी प्रेक्षक ओढू लागले आणि दिवाणखान्यात दूरचित्रवाणी आली. मधल्या आकाराच्या खासगी, विशेषतः कॅथलिक विद्यापीठांना हे झेपेना. जॉर्जटाउन आणि सेंट मेरीज यांनी आधीच माघार घेतली होती. लोयोलाने डॉन्सबरोबरच गाशा गुंडाळला, सँटा क्लाराने वर्षभराने, फोर्डहॅमने १९५४ मध्ये. रोझ बोलमधल्या त्या शेवटच्या सामन्यातले दोन्ही संघ पुढच्या हंगामात अस्तित्वातच नव्हते. म्हणून वर्णभेदाने संघ मारला, असे सरधोपट म्हणता येणार नाही. आजारी माणसाला औषध मिळण्याची एकच वाट होती आणि ती वर्णभेदाने बंद केली, एवढे मात्र म्हणता येते.

विद्यापीठ क्रीडाक्षेत्रातून बाहेर पडले असे नाही. चारच वर्षांत त्याच्या बास्केटबॉल संघाने बिल रसेल आणि के. सी. जोन्स या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या जोरावर १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. फुटबॉल पुढे काही वर्षे लहान प्रमाणावर खेळला गेला, पण १९५१ ची उंची पुन्हा आली नाही.

पांगलेले खेळाडू

खेळाडू मात्र कुठेच थांबले नाहीत. कुहारिच शिकागो कार्डिनल्सचा प्रशिक्षक झाला. त्याच संघाने १९५२ च्या निवडीत मॅटसनला पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर उचलले. पण मॅटसन आधी हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. तिथे त्याने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ × ४०० मीटर रिलेत रौप्यपदक मिळवले. मायामीने ज्याला मैदानात उतरू दिले नसते त्याच्या छातीवर आता अमेरिकेचे नाव होते. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊ जणांचा सौदा केला. रॅम्सच्या वतीने तो सौदा करणारा व्यवस्थापक होता पीट रोझेल.

मार्चेटी बाल्टिमोर कोल्ट्सचा आधारस्तंभ झाला. २८ डिसेंबर १९५८ च्या गाजलेल्या अंतिम सामन्यात निर्णायक क्षणी प्रतिस्पर्ध्याला रोखताना त्याचा पाय मोडला, आणि स्ट्रेचरवरून, मैदानाच्या कडेला थांबून, त्याने सामना पाहिला. सेंट क्लेअर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून खेळला आणि खेळत असतानाच शेजारच्या डेली सिटीचा महापौर झाला. मॅटसन, मार्चेटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. एकाच महाविद्यालयीन संघातले तिघे तिथे पोचावेत, ही विरळा गोष्ट आहे. ज्या संघाचे वेळापत्रक कच्चे म्हणून नाकारले, त्याचा दर्जा काय होता, हे यावरून ठरवावे.

टोलरची वाट वेगळी गेली. क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याची निवड केली होती, पण १९५२ च्या उन्हाळ्यात महाविद्यालयीन अव्वल खेळाडूंच्या एका सामन्यात त्याचा गुडघा कायमचा दुखावला. व्यावसायिक मैदानावर तो एक दिवसही खेळला नाही. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. शहराच्या माध्यमिक शाळांतला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. आणि १९६५ मध्ये, रोझेल आयुक्त असताना, तो व्यावसायिक फुटबॉल लीगचा पंच झाला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत त्याच्याआधी एकही कृष्णवर्णीय पंच नव्हता. आठवडाभर शाळा सांभाळायची आणि रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उतरायचे, असे त्याने वर्षानुवर्षे केले. जानेवारी १९८० मध्ये देशातला सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये झाला. पंचांच्या चमूत हेड लाइन्समन होता बर्ल टोलर. महाविद्यालयाकडून तो आपला शेवटचा सामना इथेच खेळला होता. या वेळी त्याला रीतसर बोलावणे होते.

सन्मान आले, पण फार उशिरा. विद्यापीठाने २००६ मध्ये संघाला मानद पदव्या दिल्या. २०१४ मध्ये या हंगामावर माहितीपट निघाला. टोलर २००९ मध्ये गेला, मॅटसन २०११ मध्ये, सेंट क्लेअर २०१५ मध्ये, मार्चेटी २०१९ मध्ये. बोल समित्यांच्या दप्तरात शोधून डॉन्सना का वगळले याचा कागद हाती लागावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांना तो लागणार नाही. असले निर्णय जपून, न लिहिताच घेतले जातात. असा कागद नाही म्हणून अन्याय झालाच नाही, असे मानणारी माणसे प्रत्येक देशात असतात. डॉन्सची गोष्ट त्यांच्यासाठी आहे.

या विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह आहे. ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ ही घोषणा देऊन १९२० ची सेनेटची निवडणूक लढवणारे जेम्स फेलन यांचे नाव त्याला अनेक वर्षे होते. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर २०१७ मध्ये ते नाव काढले गेले. आता त्या इमारतीचे नाव बर्ल टोलर हॉल असे आहे.